अनुभव धागा: देवाच्या कुशीत कधी विसावलात का?

पाचूबंदरची_लेक
काल रात्री लाईट गेली आणि खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी मारायला लागला. तोच आवाज. 11 नोव्हेंबर 2009, फयान चक्रीवादळ. मी तेव्हा बारावीला होते. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, दोन दिवसांपूर्वीच पाच खलाशी घेऊन गेलेले. बुधवार होता. आई दर बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायची, त्या दिवशी गेली नाही. संध्याकाळी बघितलं तर मासळी सुकवायच्या वलांडीचे बांबू आडवे आणि बोंबील चिखलात. वायरलेसवर कोणाचाच पत्ता नाही. आळीतल्या बाया आमच्याकडे जमल्या, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली. बाया गेल्या आणि आई चटईवर आडवी झाली ती झोपलीच. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! बाबा दर्यात आणि हिला झोप येते? मी रात्रभर तिच्या उशाशी बसून. तिच्या हातात माळ आणि अंगठा एका मण्यावर तसाच दाबलेला.

बाबा शुक्रवारी आले, बोट सातपाटीच्या खाडीत शिरली होती. त्या झोपेबद्दल मी आईला कधीच विचारलं नाही. आता माझ्या घरात वादळबिदळ काही नाही. नवऱ्याची नोकरी गेलीय, फ्लॅटचे हप्ते आहेत आणि मला तीन वाजेपर्यंत झोप लागत नाही. म्हणून विचारते. प्रभूजवळ असा विसावा तुम्हाला कधी मिळालाय का? मोठमोठे चमत्कार नकोत. साधं लिहा.

मिलाग्रीसवाडीकर
आमच्या वाडीतल्या क्रुसाकडे मे महिन्यात लदिन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, असायची. आमका पोरांका देव बिव काय कळत नव्हतो, शेवटाक उकडलेले चणे गावतत म्हणान पयल्या रांगेत. पण आजी लदिन म्हणताना डोळे मिटून अशी डोलायची, जणू होडयेतच बसली हा. तां अजून डोळ्यासमोर असा. बाकीचा मागसून लिवतंय, दुकानात गिऱ्हाईक इला.

सुकेळी_प्रेमी
चणे!! खोबऱ्याचे काप घातलेले ना?

मिलाग्रीसवाडीकर
होय तर. काप कमी आणि चणेच जास्त.

नाईट_ड्युटी
रत्नागिरीत नर्स आहे. 2021 चा एप्रिल-मे, कोविड वॉर्ड. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस जास्त प्रार्थना करतो. मला एक ओळ येत नव्हती. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला घ्यायचे आणि तिसऱ्या शब्दाला मनात ऑक्सिजनचे आकडे सुरू.

आमच्या माहेरच्या चर्चच्या भिंतीवर लिहिलेलं होतं, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या'. लहानपणी मला भाराक्रांत म्हणजे गवताचा भाराच वाटायचा, कारण आई रोज आणायची. आणि भारा डोक्यावरून एकटीला नीट उतरवता येत नाही, माहीत आहे ना? कोणीतरी समोर उभं राहून दोन्ही हात लावावे लागतात. नाहीतर मान मुरगळते. आई अंगणात येऊन नुसती उभी राहायची. हाक मारायची नाही, दम लागलेला असायचा. आम्ही धावायचो.

तर एका पहाटे पीपीई काढून मी जिन्यात भिंतीला टेकून अशीच उभी राहिले. शब्द नव्हतेच. मनात एवढंच, की ये, हात लाव. कोणी आलं-बिलं नाही, दिवेही लागले नाहीत. पण मान सुटली. त्या जिन्यात वीस मिनिटं बसल्या बसल्या झोपले, सिस्टर इनचार्जने शोधून काढलं.

पाचूबंदरची_लेक
नाईट_ड्युटी ताई, तांदूळ धुता धुता वाचलं, दोनदा धुतले गेले बहुतेक. हाक मारायची नाही, नुसती उभी राहायची... 🙏

अलिबागचा_मास्तर
पाचूबंदरच्या ताईंच्या आईच्या झोपेवरून आठवलं. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ चालू आहे आणि येशू होडीत उशी घेऊन झोपलेला. जुन्या मराठी बायबलात शब्द आहे 'वराम'. शहरातल्या पोरांना तो समजावून सांगावा लागतो. नाळ म्हणजे होडीची पुढची बाजू, वराम मागची. मला तर वाटतं भाषांतर करताना कोणाच्या तरी कानात आपल्या किनाऱ्यावरची होडी होती. जाता जाता, ख्रिस्तावर अभंग लिहिणारे ना. वा. टिळकही जन्माने कोकणातलेच, करजगावचे, 1861 चा जन्म. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. आमच्या चर्चमध्ये आजही त्यांची गीतं पेटीवर म्हणतात, कॅथलिक मंडळींकडेही म्हणत असतील.

डोलजाळी
मास्तर, वरामावर तांडेल बसतो. सुकाणू तिकडेच असतं. म्हणजे येशू तांडेलाच्या जागेवर झोपलेला 😀 मग सुकाणू कोणाकडे?

अलिबागचा_मास्तर
पेत्राकडे असणार, शिष्यांमधला कोळी तो. म्हणूनच बोंबाबोंब.

डोलजाळी
😂😂 आमच्या बोटीवर तांडेल झोपला तर खलाशी पाणी ओततील.

कोर्लईचा_पोर
3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळ. दुपारी आमचे पत्रे पानासारखे गेले. लॉकडाऊनमुळे मार्चपासून चर्च बंद, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाईलवर. त्या दिवशी दार उघडलं आणि सगळा पाडा आत. तोंडाला मास्क, कडेवर पोरं, आणि आमच्या मावशीच्या टोपलीत चार कोंबड्या. मावशी पुतळ्यासमोर बसून 'नो लिंग'मध्ये, म्हणजे आमच्या कोर्लईच्या पोर्तुगीज बोलीत, पुटपुटत होती. मला अर्धंच कळतं ती बोली. मध्येच एक कोंबडी सुटली आणि थेट वेदीवर. कोणी हसायचं की रडायचं तेच कळेना.

लोक म्हणतात देव आश्रय आहे. माझ्यासाठी त्या दिवशी आश्रय म्हणजे दगडी भिंत, जाड दार आणि आतला मेणाचा वास. त्यात देव किती आणि दगड किती ते मला वेगळं करता येत नाही. घर परत उभं करायला दीड वर्ष लागलं. भरपाई आली तेवढ्यात निम्मे पत्रेसुद्धा आले नसते, ते दुःख वेगळ्या धाग्यावर लिहीन.

बुधवारची_भक्त
मी हिंदू आहे, लिहिलं तर चालेल ना? मुलाच्या आजारपणात माहीमला नऊ बुधवार केले होते. त्या गर्दीत कोणी ढकललं तरी राग यायचा नाही, एरवी मी लोकलमध्ये भांडते.

सुकेळी_प्रेमी
चालेल काय, निम्मी रांग तुमचीच असते! मुलगा कसा आहे आता?

बुधवारची_भक्त
छान आहे. परवाच बाईकवरून पडला, पण ते वेगळं 😅

खाडीपल्याड
लिहू की नको करत होतो.

आमचा दादा फयानमध्ये गेलेला आला नाही. बोटही नाही मिळाली. त्यामुळे पाचूबंदरच्या ताई, तुमचे बाबा आले हे वाचून आनंद झाला आणि त्याच वेळी पोटात काहीतरी हललं, राग मानू नका. आमच्याही घरी रोझरी झालेली. आमचीही आई पुढेच बसली होती.

सहा वर्षं मी चर्चची पायरी चढलो नाही. फादर घरी यायचे, मी मागच्या दाराने जायचो. मग आईचे गुडघे गेले, तिला रिक्षातून नेऊन सोडायला माणूस हवा म्हणून जायला लागलो. आधी बाहेर थांबायचो. पावसात आत. शेवटचा बाक, वर कुरकुरणारा पंखा. प्रार्थना करायची नाही असं ठरवूनच बसायचो. आणि झोपायचो. प्रवचन सुरू झालं की मान खाली. घरी दोन-तीन तासांवर झोप नव्हती मला, इथे मात्र घोरायचो. बाजूच्या म्हाताऱ्याने एकदा कोपर मारलं, तर फादर म्हणाले, राहू दे त्याला.

आजही मी देवाशी फारसं बोलत नाही. दादाचं उत्तर त्याने दिलेलं नाही आणि देईल असंही वाटत नाही. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे कबरीवर मेणबत्त्या लावतात, आमच्याकडे कबरच नाही, म्हणून आई जेटीवर लावते. वाऱ्याने विझते. ती परत लावते. मी आडोसा धरतो. बाक तोच आहे, पंखा बदलला.

नाईट_ड्युटी
दादा 🙏 काही लिहीत नाही. वाचलं.

डोलजाळी
त्या वादळात आमच्या बंदरातलेही गेले. मघाशी मस्करी केली, माफ करा भाऊ.

खाडीपल्याड
अरे मस्करी कर रे. दादा सगळ्यात मोठा मस्करीवाला होता. तांडेल झोपला की तोच पाणी ओतायचा.

मिलाग्रीसवाडीकर
गिऱ्हाईक गेला. मी काय लिवतलंय होतंय ता इसारलंय. आता नकोच.

सुकेळी_प्रेमी
विषय नाही, पण वसईत यंदा चांगली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कुठे मिळतील? आई आजारी आहे, तिला तेवढंच खावंसं वाटतंय.

पाचूबंदरची_लेक
सुकेळी_प्रेमी, मला मेसेज करा, मावशीकडून पाठवते. पैसे नकोत.

खाडीपल्याड दादा, राग कसला. मी लिहिताना हा विचार करायला हवा होता. त्या रात्री तुमच्याही घरी तेच चालू होतं.

तुमचं वाचून आत्ता आईला फोन लावला. इतक्या वर्षांनी विचारलं, त्या रात्री तुला झोप कशी गं आली? तर म्हणते, "कुठची झोप? मी डोळे मिटून पडले होते. मी बसून रडले असते तर तुम्ही दोघी बहिणी रडला असता. देवाला म्हटलं, मी मेल्यासारखी पडते, तू जागा राहा." आणि मग म्हणते, पहाटे मात्र खरंच लागली, कोंबडा कधी आरवला कळलं नाही, उठले तेव्हा तू माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलेली.

मी! मला आजपर्यंत वाटत होतं मी रात्रभर जागी होते.

कोर्लईचा_पोर
म्हणजे घोरत होतात तुम्ही 😄

पाचूबंदरची_लेक
गप रे. कुकरची शिट्टी झाली, येते.