मदत हवी आहे: धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा भाविकसमाज) विलीन होतोय, अपील नक्की कधी करायचं?

नमस्कार, मी मूळची वसईची, आता अमेरिकेत असते. इथला आमचा धर्मग्राम शेजारच्या दोन धर्मग्रामांत विलीन करायचं चाललंय, कारण तेच, फादर कमी आणि मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) माणसं कमी. २०२३ ला सेंट लुईसमध्ये १७८ धर्मग्रामांचे १३४ झाले तेव्हापासून धाकधूक होतीच. लेखी डिक्री (बिशपांचा अधिकृत आदेश) अजून नाही, फक्त मिस्सानंतर घोषणा झाली. फादरांशी बोललो, बिशपांना सह्यांचं पत्र दिलं, अजून उत्तर नाही. चर्चवर कर्ज नाही, छप्परही धड आहे, म्हणून जास्तच जीव तुटतो.

कॅनन (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम) १७३४ प्रमाणे डिक्री कळल्यापासून १० दिवसांत आधी बिशपांकडेच फेरविचाराचा अर्ज करायचा, मग रोमला, एवढं वाचलंय. आणि धर्मग्राम विलीन होणं वेगळं, चर्चची इमारत कायमची बंद करणं वेगळं (कॅनन १२२२), हेही कळलं. आम्हाला निदान इमारत तरी वाचवायचीय. कॅनन लॉवाला वकील परवडणार नाही.

कुणी यातून गेलंय का? नुसत्या घोषणेवर अर्ज करता येतो की डिक्रीची वाट बघायची? आणि सगळ्यांचा मिळून एक अर्ज चालतो की प्रत्येकाने आपापल्या नावाने द्यायचा?