अर्न्स्ट हेकेलवरचं आरोपपत्र निदान नीट तरी लिहा

अष्टपाद

काल 'तिरपागडा' यांनी जे लिहिलं ते थोडक्यात असं: जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने वेगवेगळ्या प्राण्यांचे गर्भ सुरुवातीला सारखेच असतात हे दाखवायला खोटी चित्रं काढली, त्यांवर उत्क्रांतीवाद उभा राहिला, हा माणूस हिटलरचा गुरू होता, सबब त्याचं नाव जीवशास्त्रातून पुसा. खाली 'अगदी सहमत'ची रांग. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका बसवणं सोपं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

चित्रांचं प्रकरण खरं आहे. पण कुठलं चित्र? १८६८मध्ये त्याच्या लोकप्रिय व्याख्यानांचं पुस्तक आलं. त्यात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ म्हणून तीन आकृत्या छापल्या होत्या, तिन्ही एकाच लाकडी ठशाच्या. स्वित्झर्लंडमधल्या बाजेलच्या प्राणिशास्त्रज्ञ रूटिमायरने ते लगेच पकडलं. १८७०च्या आवृत्तीत हेकेलने दोन गाळून एकच ठेवली. तुम्ही चिकटवलेली आठ प्राण्यांची प्लेट ही नव्हे. ती १८७४च्या 'आंथ्रोपोगेनी'तली: मासा, सॅलमँडर, कासव, कोंबडी, डुक्कर, गाय, ससा, माणूस. तिच्यावर लाइपझिगच्या शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिसने तोफ डागली. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, गुन्ह्याची जातही वेगळी.

आणि डार्विनचं पुस्तक १८५९चं. ते १८६८च्या ठशावर कसं उभं राहिलं बुवा?

हिटलरचं म्हणाल तर हेकेल १९१९ला वारला आणि त्याने १९०६मध्ये जर्मनीतल्या येनाला स्थापलेला मोनिस्ट (जड आणि चेतन एकच मानणारा) संघ नाझींनी १९३३ला बंद केला. शिवाय त्याच्या माणसांच्या वंशवृक्षात सेमिटिक (ज्यू, अरब वगैरे) लोक इंडो-जर्मनांच्या शेजारीच, वरच्या फांदीवर बसवलेले आहेत.

तिरपागडा

वकीलपत्र झकास! आता उलटतपासणी घेऊ.

एकच ठसा तीन नावांनी छापणं म्हणजे सरळसरळ 'ध चा मा'. 'गुन्ह्याची जात वेगळी' वगैरे मखलाशी राहू द्या. १९०८मध्ये आर्नोल्ड ब्रासने पुन्हा आरोप केले, तेव्हा खुद्द हेकेलने बर्लिनच्या वर्तमानपत्रात लिहून दिलं की माझ्या गर्भचित्रांपैकी ६ ते ८ टक्के ब्रासच्या अर्थाने बनावट आहेत, कारण नमुने अपुरे होते आणि मधल्या जागा अंदाजाने भरल्या. वर पुन्हा, हे सगळेच करतात! चोर पकडला की 'गल्लीत सगळेच चोर' म्हणतो, तसं.

आणि १९३३ तेवढं बरं आठवलं तुम्हाला. पुढे नाझी काळातच येनामध्ये हेकेलच्या नावाची संस्था निघाली, गाउलायटर (नाझींचा प्रांतप्रमुख) साउकेलच्या आश्रयाखाली. ते का गाळलंत? १९०४च्या पुस्तकात असाध्य रुग्णांना आणि अपंग अर्भकांना वेदना न देता मारावं असं तो मांडतो. दुबळी अर्भकं मारणाऱ्या स्पार्टाचं कौतुक तर त्याआधीपासून चालूच होतं. वंशशुद्धीवाल्या सोसायटीचा तो मानद सभासद. माणसाच्या १२ स्वतंत्र प्रजाती पाडून न्यू गिनीचे पापुअन आणि दक्षिण आफ्रिकेतले हॉटेन्टॉट तळाला टाकणारा हाच. सेमिटिक वर होते म्हणून तळाला टाकलेल्यांनी पेढे वाटायचे का?

कॅनडा_बाल्सम

राजकारण तुम्ही दोघं बघा. 'तळपायाच्या आकाराचा गर्भ सगळ्यांचा सारखाच' हे हेकेलला कसं दिसलं, ते टेबलावर बघितल्याशिवाय कळत नाही.

कोंबडीचं फलित अंडं ३८ अंशांवर ३३ ते ३८ तास उबवा, सोमाइटच्या (पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या ठोकळ्यांच्या) दहाएक जोड्या मिळतात. ०.९ टक्क्याच्या कोमट सलाइनमध्ये अंडं फोडलं की गर्भाची चकती बलकावर, वरच्या बाजूला येते. गाळणकागदाची रिंग तिच्यावर नीट चिकटू द्यायची, रिंगच्या बाहेरून कात्रीने गोल कापायचं आणि रिंगसकट उचलायचं. घाई केली की रिंग हातात आणि गर्भ बलकात. मग बलक धुऊन गर्भ टिकवणाऱ्या ब्वाँच्या द्रावणात, पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोल, बोरॅक्स कारमाइनचा रंग, चढत्या अल्कोहोलमधून निर्जलन, पारदर्शक करायला झायलीन, काचेवर बसवायला बाल्सम. निर्जलन कच्चं राहिलं तर झायलीनमध्ये दुधाळ होतं आणि सगळं मुसळ केरात.

यात दोन गोष्टी बघा. सोमाइटची नवी जोडी साधारण दर ९० मिनिटांनी येते, म्हणजे उबवणीत तीन तासांचा फरक पडला तर दोन जोड्या इकडच्या तिकडे. 'समान अवस्था' ठरवणारा शेवटी चित्रकारच. आणि बलक काढून गर्भ काचेवर सपाट निजवला की निम्मा फरक तुम्हीच पुसलेला असतो. एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही; तयारीची पद्धतच अशी आहे.

लबाडी आहे ती प्राण्यांच्या निवडीत. कुत्रा, ससा आणि माणूस यांचा गर्भ त्या वेळी सपाट चकती असतो. उंदीर घेतला असता तर? उंदराचा गर्भ त्या सुमाराला पेल्यासारखा, थर उलटे झालेला. आठांच्या प्लेटमध्ये उंदीर नाही, यात नवल नाही.

सांजवात

धागा हेकेलवर आहे की बीएस्सीच्या प्रॅक्टिकलवर? आता अंडी कुठे स्वस्त मिळतात तेही सांगून टाका.

(अवांतर: १८८१च्या नोव्हेंबरात सिलोनला जाताना हे महाशय आठवडाभर मुंबईत होते. प्रवासपत्रांत आपल्या ताडामाडांची वर्णनं भरभरून आहेत.)

तिरपागडा

बलक काढला, मान्य. हातपायांचे कोंब कोणी काढले? 'आंथ्रोपोगेनी'च्या नंतरच्या आवृत्तीत एकिडना (अंडी घालणारा सस्तन प्राणी) आहे. त्याचा मूळ नमुना ऑस्ट्रेलियातून आणला होता रिचर्ड झेमोनने, म्हणजे हेकेलच्याच शिष्याने. झेमोनच्या चित्रात कोंब स्पष्ट दिसतात, गुरुजींच्या चित्रात गायब! २००१मध्ये रिचर्डसन आणि कोइक या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात हेच दाखवलं. इथे 'नमुने अपुरे होते' चालत नाही. नमुना समोर होता.

अष्टपाद

एकिडनाला माझ्याकडे उत्तर नाही. तो तुमचा. नारळ फोडा.

पण त्याच रिचर्डसनचं, हेकेलची चित्रं गर्भांच्या छायाचित्रांशी ताडणारं १९९७चं काम तुम्ही ब्रह्मवाक्य मानता, तर त्यातली खोट पण बघा. शेपटीचा कोंब येतो त्या अवस्थेत गर्भांच्या लांबीत दहा पटींहून जास्त फरक असतो, हे त्याने दाखवलं ते बिनतोड. पण छायाचित्रांत काही गर्भ बलकासकट होते. हेकेलचे बलकाविना. बलकाचा गोळा तसाच ठेवायचा आणि 'बघा किती वेगळे' म्हणायचं, हाही तराजूत अंगठाच. त्यानेच २००२मध्ये कोइकबरोबर लिहिलं की या चित्रांवरची काही टीका रास्त आणि काही पूर्वग्रहातून आलेली आहे. गृहीतक आणि शिकवण्याचं साधन म्हणून चित्रांना किंमत आहे. हे तुमच्या 'सहमत'वाल्यांपैकी कोणी वाचलंय?

कॅनडा_बाल्सम

अल्कोहोलवरून आठवलं. डार्विनचा पाठीराखा जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने १८६८मध्ये समुद्रतळाच्या चिखलातल्या एका चिकट पदार्थाला 'बॅथिबियस हेकेली' नाव दिलं आणि हेकेलला त्यात आदिजीव सापडला. समुद्र-संशोधनाला निघालेल्या चॅलेंजर जहाजावरच्या रसायनज्ञ बुकॅननने बाटलीतल्या समुद्राच्या पाण्यात कडक अल्कोहोल ओतून बघितलं, तर खाली कॅल्शियम सल्फेटचा साका! चिखल अल्कोहोलमध्ये जपला म्हणून 'जीव' जन्माला आला होता. हक्स्लीने माघार घेतली. हेकेल मात्र पुढेही चिकटून राहिला. खोड ही आहे: सिद्धांत आवडला की पुरावा त्याच्या मापाचा कापायचा.

आणि याच माणसाने चॅलेंजरने आणलेल्या रेडिओलारियांवर (समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांवर) दहा वर्षं घालवून १८८७मध्ये ३,५०० हून अधिक नव्या प्रजाती मांडल्या, १४० प्लेट्ससह. तेही पुसायचं?

खारूताई

तुम्ही सगळे १८६८मध्येच रमलात. आपल्याकडच्या पुस्तकांत ती आठांची प्लेट वर्ष आणि चित्रकाराचं नाव न घालता छापतात, आणि पोरं ती पाठ करून पाच मार्क घेतात, त्याचं काय? दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून तर उत्क्रांतीच गेली. 'सगळं बनावट' असं ओरडणाऱ्यांमुळे ते काढणाऱ्यांचं फावतं, तिरपागडा.

तिरपागडा

म्हणजे खोटं चित्र खोटं म्हणायचं नाही, कारण कोणीतरी गैरफायदा घेईल? वा रे न्याय!

अष्टपाद

म्हणा की, पण तारखेसकट म्हणा. हेकेलच्या शंभराव्या स्मृतिवर्षात, २०१९ला, जर्मन प्राणिशास्त्र परिषदेच्या येनाच्या अधिवेशनात जाहीरनामा निघाला: मानवी 'वंश' ही कल्पना वंशद्वेषातून जन्मली, वंशद्वेष तिच्यातून नव्हे. त्यात हेकेलचा वाटा नाव घेऊन सांगितलाय. त्याच्याच विद्यापीठाच्या गावात! नाव पुसलं नाही, आरोप नेमका लिहिला.

तिरपागडा

ठीक. 'उत्क्रांतीवाद त्यावर उभा' हे मूळ लेखनातून काढतो, नाहीतर अष्टपाद रात्री झोपायचे नाहीत. 'हिटलरचा गुरू'च्या जागी '१९०४मध्ये अपंग अर्भकांना मारावं म्हणणारा' असं घालतो. तारखेसकट. आता जास्त चांगलं दिसतंय का बघा. 'बनावट' मात्र राहील, एकिडनाच्या नावाने.