मावशींना कोणी सांगितलं?

बी-३०१ वहिनी: आमच्या मावशी आजपासून येणार नाहीत. "त्या घरात लुळं करणारी साथ आहे" असं त्यांना जिन्यात कोणीतरी सांगितलंय. ह्यांना जीबीएस झालाय, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. कोण बोललं ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही.

ए-१०४ काका: टाकी शेवटची कधी धुतली?

सी-२०२ काकू: गैरसमज नसावा वहिनी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला साथच होती की. काळजीपोटी बोलतो माणूस.

बी-३०१ वहिनी: म्हणजे तुम्हीच.

सी-२०२ काकू: हा मेसेज डिलीट केला आहे

बी-१०२ फिजिओ दादा: काकू, पुण्यात पोट बिघडवणारे जंतू पाण्यातून पसरले. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी एखाद्याचीच प्रतिकारशक्ती स्वतःच्या नसांवर उलटते. पेशंटजवळ बसून जीबीएस होत नाही. मी रोज बसतो.

ए-१०४ काका: तेच म्हणतोय, पाणी! टाकी कधी धुतली?

सेक्रेटरी: दिवाळीत. पावती बोर्डावर आहे. काहींचा मेंटेनन्स सहा महिने थकलाय, त्याचंही बघा.

ए-१०४ काका: माझ्यावर रोख असेल तर नाव घेऊन बोला.

डी-४०१: काका, तुम्हीच उतरा टाकीत 😂 आणि माझ्या गाडीपुढं स्कूटर कोणाची?

बी-३०१ वहिनी: हात जोडते, इथं हसू नका.

सी-३०३ ताई: आता कसे आहेत ते? मुंग्या येतात म्हणत होते, मला वाटलं शुगर.

बी-३०१ वहिनी: आम्हालाही तेच वाटलं ताई. जुलाब थांबून दहा दिवस झालेले. आधी तळपायाला मुंग्या, कंबरदुखी. तिसऱ्या दिवशी जिना चढवेना, पाचव्या दिवशी उठून बसवेना. मिरजेत डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही. पाठीतलं पाणी तपासलं. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिलं, म्हणजे शिरेतून प्रतिपिंडांचं औषध. एका दमात आकडे मोजायला लावायचे, श्वास कमी पडतोय का बघायला. विसाला थांबले की माझा जीव खाली-वर. व्हेंटिलेटर लागला नाही.

सी-२०२ काकू: स्टेरॉइड द्यायला सांगा.

बी-१०२ फिजिओ दादा: नुसत्या स्टेरॉइडचा यात उपयोग नाही काकू. वहिनी, शंभरात पाचेक जण दगावतात हे खरं, पण दहातले आठ जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात. थकवा मात्र बरेच दिवस राहतो, घाई करू नका. घरी आले की व्यायामाला मी येतो, पैशाचं बोलू नका.

सेक्रेटरी: रविवारी ७ ते ११ पाणी बंद. टाकी धुणार.

सी-२०२ काकू: वहिनी, उद्या डबा पाठवू का?

बी-३०१ वहिनी: डबा नको. मावशींना तेवढं खरं सांगा.

ए-१०४ काका: आणि टँकरच्या पाण्याचं काय?