मदत हवी आहे: विकिपीडियावरच्या लेखाचा भरवसा कसा ठरवता?
नमस्कार मंडळी, विकिपीडियावरचा लेख भरवशाचा आहे की नाही हे तुम्ही कसं ठरवता? मी इतिहास टॅब उघडून शेवटचे बदल बघते, चर्चा पानावर वाद चाललाय का तेही बघते, तळटीपांच्या लिंकही उघडते, पण खरी अडचण तिथेच येते, कधी कधी संदर्भ म्हणून दिलेली बातमीच विकिपीडियावरून उचललेली असते, मग पुरावा कुठला धरायचा?

२००५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख तपासले तेव्हा दर लेखामागे सरासरी चुका विकिपीडियात ४ आणि ब्रिटानिका विश्वकोशात ३ निघाल्या (ब्रिटानिकाला ते मान्य नव्हतं), म्हणजे फार फरक नाही, पण त्याच वर्षी अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथालर यांना केनेडींच्या हत्येशी जोडणारा विकिपीडियावरचा खोटा मजकूर तब्बल चार महिने कुणाच्या लक्षात आला नव्हता. गाजलेल्या विषयांवर भरपूर लोकांची नजर असते, त्याचं मला फारसं टेन्शन नाही, काळजी वाटते ती कमी वाचल्या जाणाऱ्या छोट्या लेखांची, दोनतीन संपादक आणि संदर्भ जेमतेम.

अशा लेखातलं वाक्य आधी आलं की बातमी आधी, हे पटकन तपासायची काही सोपी पद्धत आहे का? कुणी नियमित संपादन करत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.