मदत हवी आहे: राजमा शिजतच नाहीये, आठच्या आत सूप हवंय

ओली_छत्री, सायं. ५:४२
विजयनगर, इंदूर. रूम पार्टनर तीन दिवस तापात होती, आज कुठे तोंडाला चव आलीय आणि 'काहीतरी गरम, दाट, पोटभर' पाहिजे म्हणतेय. राजम्याचं सूप करायला घेतलं. दोन वाट्या राजमा, कांदा, लसूण, टोमॅटो, मीठ, सगळं एकदमच कुकरला लावलं. दोन तास झाले. दाणा दाबला की साल सुटतं, पण आत खडूसारखा पांढरा. काय करू? रेसिप्यांच्या लिंका नकोत. त्यात 'राजमा मऊ शिजवून घ्या' एवढं एक वाक्य असतं आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

सियागंजवाला, ५:४९
भिजवला होता का? किती तास? शिट्ट्या किती झाल्या?

तात्या_लोकमान्यनगर, ५:५३
टोमॅटो आधी घातलात ना? झालं मग. आंबटात कडधान्य शिजत नाही. आमची आई दाणा बोटाने चिरडल्याशिवाय टोमॅटो काय, आमसुलाचं सालसुद्धा आत पडू द्यायची नाही. मीठही आधी घालायचं नसतं.

बडोद्याची_सून, ५:५८
चिमूटभर खायचा सोडा टाक गं, वीस मिनिटांत लोण्यासारखा होतो. आमच्याकडे सासूबाई वालाला पण टाकतात.

तात्या_लोकमान्यनगर, ६:०१
सोड्याने जीवनसत्त्व ब१ जातं आणि चव साबणासारखी होते. आजारी मुलीला सोडा कसला घालता!

बडोद्याची_सून, ६:०३
चिमूट म्हटलं तात्या, वाटी नाही. तुमच्या इंदुरात कचोरीत काय घालतात ते बघून या एकदा.

खमंग_खटपट, ६:०५
मिठाबद्दल असहमत. मिठाच्या पाण्यात भिजवलं तर राजम्याचं साल उलट लवकर मऊ होतं. कडक ठेवतं ते जड पाण्यातलं कॅल्शियम. नळाला नर्मदा येते की बोरिंग?

तात्या_लोकमान्यनगर, ६:११
नर्मदा इंदुरात आली १९७८ साली, थेट जलूदहून. त्याआधी आम्ही यशवंत सागरचं पाणी प्यायलो आणि त्यातही तुरीची डाळ शिजत होती. पाण्याला दोष देणं ही हल्लीची फॅशन आहे.

प्रवासी_पक्षी, ६:१३
अवांतर: विजयनगरला दोन जणांच्या रूमचं भाडं किती पडतं? भाचा येतोय कोचिंगला.

सियागंजवाला, ६:१४
अहो, भिजवला होता का ते आधी सांगू द्या त्यांना. राजमा जुना असेल तरी शिजत नाही. उन्हाळाभर डब्यात पडलेला असेल तर कितीही उकळा, दाणा हट्ट सोडत नाही.

ओली_छत्री, ६:१७
भिजवला नाही, पटकन करायचं होतं म्हणून तर कुकर! पाणी बोरिंगचं आहे. शिट्ट्या होत नाहीत, भाताचा इलेक्ट्रिक कुकर आहे. घरमालकीण काकू गॅस ठेवू देत नाहीत. मधे एकदा बटण आपोआप वर उडून तो वॉर्मवर गेला होता, मला पाऊण तास कळलंच नाही.

सियागंजवाला, ६:१८
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं हो!!

प्रयोगशाळेतली_पळी, ६:२२
थांबा. तो राजमा चाखू नका आणि पार्टनरला तर मुळीच देऊ नका. फूड टेक्नॉलॉजी शिकवते म्हणून बोलतेय. लाल राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं प्रथिन असतं. खळखळत्या उकळीने ते मोडतं, पण ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम होत राहिलं तर राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. तुमचा वॉर्मवरचा पाऊण तास नेमका तसलाच. रीत अशी: निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात आधी किमान दहा मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळून उकळायचा आणि पुढे मऊ होईपर्यंत शिजवायचा. शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांकडे जातं, म्हणून आपल्या घरांत हा प्रश्न सहसा येतच नाही.

तात्या_लोकमान्यनगर, ६:२६
साठ वर्षं राजमा खातोय, विषबिष कधी ऐकलं नाही.

प्रयोगशाळेतली_पळी, ६:२७
साठ वर्षं शिट्टीच्या कुकरमधला खाल्लात, तात्या.

ओली_छत्री, ६:२९
अरे देवा. शिजलाय का बघायला मी चार-पाच दाणे चावून खाल्लेत.

प्रयोगशाळेतली_पळी, ६:३३
कधी? त्रास व्हायचाच तर साधारण एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. बहुतेकांचं काही तासांत आपसूक थांबतं. घोट घोट पाणी पीत राहा. उलट्या थांबेनातच तर डॉक्टरांकडे जा, घरगुती उपाय करत बसू नका.

बडोद्याची_सून, ६:३५
घाबरू नकोस गं. आल्याचा तुकडा चघळ.

खमंग_खटपट, ६:३८
आता आठ वाजताचं बघू. घरात मसूर डाळ आहे? हिला भिजवणं नको, शिट्टी नको, राजम्याची भानगड नको. भांडं घासून घ्या. तूप, जिरं, ठेचलेला लसूण थेट कुकरच्या भांड्यात परता. बटण सारखं वर उडेल, पुन्हा दाबायचं. एक वाटी धुतलेली डाळ, हळद, किसलेलं आलं, पाच वाट्या पाणी. पाणी बोरिंगचं नको, बाटलीचं किंवा फिल्टरचं. झाकण तिरकं ठेवा, नाहीतर फेस ओट्यावर. वीस-पंचवीस मिनिटांत डाळ विरघळते, मग टोमॅटो आणि मीठ (तात्या खूश), अजून आठ-दहा मिनिटं, आणि पळीच्या पाठीने घोटा. दाटपणासाठी शेवटी मूठभर शिजलेला भात घोटून टाका. पोटभर होतं.

शेफ_सॅम, ६:४४
मी बीन सूपवर सावर क्रीम, चेडर आणि अ‍ॅव्होकाडो घेतो. सोबत साअरडो.

बडोद्याची_सून, ६:४५
सॅमभाऊ, ती ओट्याशिवायच्या खोलीत राहते.

माळव्याचा_भिया, ६:५१
वरून बारीक शेव आणि जिरावन, आपला इंदुरी चटपटा मसाला. बस.

खमंग_खटपट, ६:५२
तापातून उठलेल्या मुलीच्या सूपवर शेव?

माळव्याचा_भिया, ६:५३
इंदुरात शेव कशावर घालत नाहीत ते सांग आधी.

ओली_छत्री, रात्री ८:२४
मसुरीचं झालं. फेस आलाच, झाकण तिरकं ठेवायचं विसरले. पार्टनरने दोन वाट्या घेतल्या, दुसरीवर शेव घातली, मी काही बोलले नाही. मला अजून मळमळ नाही. दाणे साडेपाचला खाल्ले होते, म्हणजे तीन तास होत आलेत. राजमा टाकून द्यायला निघाले तर काकूंनी पातेलंच हातातून घेतलं. खालच्या गॅसवर पाणी बदलून अर्धा तास उकळू, मग शिट्टीच्या कुकरला लावू म्हणाल्या, आणि कुकर वापरायचा तर खाली येऊन वापर असंही म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तात्या_लोकमान्यनगर, ८:३१
टोमॅटो काढून उकळायला सांगा त्यांना.

प्रवासी_पक्षी, ८:४०
भाड्याचं राहिलं.

ओली_छत्री, ८:४३
काका, इथे फक्त मुली ठेवतात. आणि गॅस चालत नाही, सांगितलं ना.