धुवायचा एअर फिल्टर घेऊ का कागदीच बदलत राहू? (स्विफ्ट पेट्रोल, कोल्हापूर)

शिरोली_रिटर्न
मंडळी नमस्कार. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१७ ची, ८२ हजार किमी झालेत. रोज राजारामपुरीतनं शिरोली एमआयडीसी जाऊन-येऊन, आणि महिन्यातनं दोनदा गारगोटीकडं गावाला, तिथला शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे नुसता फुफाटा. परवा एअर फिल्टर काढून बघितला तर काळा मिट्ट, घड्यांमध्ये उसाचं पाचट पण अडकलेलं. एक पार्टवाला म्हणालाय की ६ हजारांचा धुवून वापरायचा फिल्टर घ्या, एकदा बसवला की गाडी विकेपर्यंत बघायला नको, पिकअप पण वाढतंय आणि मायलेज पण. माझं मायलेज १८ वरनं १५ वर आलंय म्हणून जरा मोह होतोय. कागदी ३५० ला मिळतोय. काय करू सांगा की, वापरलेल्यांनीच सांगा, यूट्यूबवाले लै बघून झाले.

हिशोबी_भावा
साधा हिशोब घाल. ६ हजारांचा फिल्टर, वर धुवायचं लिक्विड आणि तेलाचं किट १५०० धर, झाले साडेसात हजार. एवढ्यात ३५० वाले २१ फिल्टर येतात. धुळीमुळं दर १० हजाराला बदललास तरी २ लाख १० हजार किमी. तोपर्यंत तू ही गाडी ठेवणार हायस का?

उद्यमनगर_मिस्त्री
वरचा हिशोब बरोबर आहे पण मुद्दा पैशाचा नाही. आधी मायलेजचं बोलू, कारण लोकं तिथंच फसतात. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला म्हणून मायलेज पडत नाही. कॉम्प्युटर आत आलेली हवा बघून तेवढंच पेट्रोल सोडतोय. आणि थ्रॉटलची झडप तशीही हवा अडवूनच धरत असते, त्यामुळं फिल्टर तुंबला तर तुमचा पाय जरा जास्त दाबला जातो, झडप जरा जास्त उघडते, हवा तेवढीच, पेट्रोल तेवढंच. अमेरिकेत ओक रिजच्या सरकारी प्रयोगशाळेनं २००९ ला मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून हेच तपासलं होतं, मायलेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही, फक्त जोरात पळवताना गाडी मंद. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फरक पडायचा, तिथली ही समजूत आजून चालत आलीय. तेव्हा १८ चं १५ झालंय ते दुसरीकडं शोधा, आधी टायरमधली हवा, मग ब्रेक धरतोय का, मग प्लग.

आता फिल्टर. शिरोलीला फौंड्र्या किती आहेत तुम्हाला माहीत आहे, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचे कारखाने, तिथल्या धुळीत साच्याची वाळू असते, म्हणजे सिलिका, लोखंडापेक्षा कडक. ती बारीक पूड आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर घासते, आवाज नाही काही नाही, दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल प्यायला लागल्यावर कळतंय. कागदी फिल्टर ही बारीक धूळ चांगली धरतो, आणि गंमत म्हणजे थोडा मळलेला कागद नव्यापेक्षा जास्त चांगला गाळतो कारण धुळीचा थर स्वतःच गाळणी होतो. म्हणून दर महिन्याला काढून हवा मारणारे स्वतःचंच नुकसान करतात. कंप्रेसरच्या हवेनं कागदाला बारीक भोकं पडतात, डोळ्याला दिसत पण नाहीत. एका गॅरेजात तर जुन्यालाच हवा मारून नव्याचं बिल लावलेलं मी बघितलंय, फिल्टर बदलताना समोर उभं राहायचं.

तो धुवायचा, म्हणजे कापडी, तेलवाला फिल्टर वाईट नाही, पण तो तेलाच्या चिकटपणावर धूळ धरतो. तेल कमी पडलं की धूळ आत, जास्त झालं की तेल आत.

डिझेल_दाजी
मिस्त्री म्हणतात ते "जास्त झालं की तेल आत" माझ्याच गाडीत झालंय 😅 डिझेल गाडी, स्वतः धुतला, उन्हात वाळवला (चूक नंबर एक, सावलीतच वाळवायचा म्हणतात), आणि तेल हात सोडून मारलं. तीन दिवसांत पिकअप गेला, काळा धूर, चेक इंजिनची लाईट. हवा मोजायच्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर तेलाचा थर बसलेला. सेन्सर क्लीनरचा स्प्रे मारून सुटलं, नाहीतर नवीन सेन्सरची किंमत ऐकूनच मला घाम फुटला होता. चूक माझीच, तेल पातळ मारून, ते सगळीकडं पसरेपर्यंत थांबून, जास्तीचं पुसून मग बसवायला पाहिजे होतं.

आणि आपल्याकडं जुलैत बनियन दोन दिवस वाळत नाही, फिल्टर कुठला वाळतोय. तोपर्यंत गाडी दारात.

कागलकर_शेती
ह्यात नवीन काय नाही पावणं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर हाय, खाली वाटीत इंजिन ऑइल, हवा त्यावर आदळून वर जातीय, धूळ खाली गाळ होऊन बसतीय. आण्णा दर आठवड्याला वाटी काढून गाळ टाकायचे, जाळी डिझेलमध्ये धुवायचे, नवीन ऑइल खुणेपर्यंत. चाळीस वर्षं चालला. पण आण्णा धुवायचे म्हणून चालला, मी धुवायला लागल्यापासनं तो बसूनच हाय 😂 तेव्हा आधी स्वतःला विचार की तू आण्णा हायस का मी. आणि कारचा कापडी फिल्टर डिझेल-पेट्रोलमध्ये बुडवू नकोस बाबा, त्याचं लिक्विड वेगळं असतंय.

पंचगंगा_काठ
कागदी फेकायचा म्हणजे कचरा, असं वाटून मी धुवायचा घेतला होता. मग धुताना ते काळं तेलकट पाणी मोरीतनं जयंती नाल्यात आणि तिथनं पंचगंगेत जाताना बघून निम्मा उत्साह गेला. तरी ज्यांचं रोज शंभर-दीडशे किलोमीटर हायवेचं रनिंग आहे त्यांना परवडत असेल. के अँड एन ही धुवायचे फिल्टर बनवणारी कंपनी, तेच चांगल्या रस्त्यावर साधारण ८० हजार किमीपर्यंत धुवायची गरज नाही म्हणतात, धुळीत लवकर. आपण सगळे "धुळीत" ह्या खात्यातच येतो.

उद्यमनगर_मिस्त्री
एक राहिलं. कुठला पण फिल्टर घ्या, कडेचं रबर बॉक्समध्ये नीट बसतंय का बघा. फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडच्या पाईपमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली म्हणजे हवा बाजूनं चाललीय, मग फिल्टर ३५० चा असो नाहीतर ६ हजारांचा.

शिरोली_रिटर्न
सगळ्यांचे आभार. काल बॉक्स उघडला. पाईपमध्ये बोट फिरवलं तर बोट मातकट! बॉक्सची मागची एक क्लिप तुटलेली, कुणीतरी प्लॅस्टिकची पट्टी बांधून ठेवलीय, मला पत्ताच नाही. टायर बघितले तर मागच्या दोन्हीत हवा कमी, २२ पीएसआय वर. हवा भरली, कागदी घेतला, पार्टवाल्याला सॉरी म्हणालो. आता ती क्लिप एकटी मिळती का अख्खा बॉक्स घ्यावा लागतोय?

उद्यमनगर_मिस्त्री
कंपनीत अख्खाच देतील. आधी जुन्या गाड्यांच्या स्क्रॅपवाल्याकडं बघा, झाकणासकट मिळून जाईल. आणि तोपर्यंत शिरोलीला त्या पट्टीवर जाऊ नका, बसनं जावा.