ईमची पायी सहल: सीमेच्या दगडापर्यंत

सहल समिती, शेफील्ड

सप्रेम नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला ईमच्या (Eyam, डर्बीशरमधलं 1665-66 च्या प्लेगचं गाव) संग्रहालयासमोरच्या पार्किंगमध्ये जमायचं आहे. स्पेलिंग बघून बरेच जण 'आयम' म्हणतात. तिथे कोणाला रस्ता विचारायचा झाला तर 'ईम' म्हणा. आधी चर्च आणि प्लेगची घरं बघू. मग लिडगेटच्या गल्लीनं शेतांतून सीमेच्या दगडापर्यंत, पुढे खाली स्टोनी मिडलटन आणि त्याच वाटेनं परत. अंतर फार नाही, पण येताना चढ आहे. डबा आपापला. बूट घोट्यापर्यंतचे असावेत. आठवडाभर पाऊस झालाय, चिखल असणार.

किती जण येणार ते गुरुवारपर्यंत कळवा.

नॉटिंगहॅमहून

नमस्कार काका,

आम्ही चौघे येतोय. आई-बाबा साताऱ्याहून आलेत. आईचे गुडघे दुखतात, तिला उतार झेपणार नाही. बाबा रोज पाच किलोमीटर चालतात, त्यांची काळजी नाही. पण त्यांनी कालपासून एकच धोशा लावलाय: "लोकांच्या शेतातून एवढी माणसं न्यायची, मालकाला विचारलंय का?" मला त्यांना नीट सांगता आलं नाही.

आणि मनातलं विचारते, राग मानू नका. गाडीनं चौकात उतरायचं, गाव बघायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं, असं नाही का चालणार? त्या एका दगडासाठी चिखल तुडवायचा?

काका, शेफील्ड

अगं, राग कसला! बाबांना माझा नमस्कार सांग आणि एकच शब्द सांग: वहिवाट. पुढचं ते तुला समजावतील.

आपल्याकडे शेताची वाट कोणी अडवली की तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागतात. तो कायदा 1906 चा. माझ्या वडिलांनी मळ्याच्या वाटेसाठी तसा अर्ज केला होता. स्थळपाहणीच्या दिवशी वाटेवर टाकलेली बाभळीची फांदी त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली. मी आठ वर्षांचा होतो. त्यांच्या तळहातावर उठलेले रक्ताचे ठिपके मला अजून दिसतात. म्हणून हा विषय निघाला की मी जरा जास्त बोलतो.

इथेही मूळ गोष्ट तीच, जमीन शेतकऱ्याची आणि वाट वहिवाटीची. पण आमच्या मळ्याची वाट होती आमच्यापुरती, आणि पलीकडच्या दोन शेतांपुरती. इथल्या सार्वजनिक पायवाटेवर चालायचा हक्क कोणालाही आहे, परवा विमानातून उतरलेल्या तुझ्या बाबांनाही. 1949 च्या कायद्यानं इथल्या काउंटी परिषदांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. इंग्लंड आणि वेल्स मिळून त्या सुमारे 1,40,000 मैल भरतात. शेताच्या मधून जाणाऱ्या एखाद्या पायवाटेवरून नांगर गेला, तर ठरलेल्या मुदतीत ती निदान एक मीटर रुंद करून द्यायची जबाबदारी शेतकऱ्याची असते. तेव्हा पिकातून वाट गेली असली तरी दबकायचं नाही. वाटेवरूनच जायचं, एकामागे एक.

ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा मी आणतोय. 1:25,000 चा आहे, म्हणजे नकाशावरचे चार सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यात पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवल्यात आणि शेताशेतांमधल्या भिंतीसुद्धा काढल्यात. वाट भिंतीच्या उजवीकडून जाते की डावीकडून, एवढं कळतं. बाबांना बसल्या बसल्या वाचायला देईन, गाव-नकाशा वाचणाऱ्या माणसाला तो आवडेल. जमिनीवर खांबांवर बाण असतात: पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळ्यावर घोडे आणि सायकलीही जातात.

आता एक कळकळीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आपल्याच सहलीत काही जणांनी फाटकापर्यंतचा फेरा वाचवायला भिंतीवरून उड्या मारल्या आणि वरचे पाच-सहा दगड खाली आले. या भिंती म्हणजे कोकणातले गडगेच, चुना नाही, सिमेंट नाही. दोन्ही बाजूंनी दगड रचतात, पोटात बारीक चिपा भरतात आणि मधूनमधून एक लांब दगड आडवा घालून दोन्ही अंगं बांधून घेतात. वरचा थर गेला की पाणी आत शिरतं, मग थंडीत भिंत फुगते. त्या दिवशी शेतकरी चारचाकी मोटरसायकलवरून आला. बोलला काहीच नाही. खाली वाकला आणि एकेक दगड हातात फिरवून, त्याची बाजू बघून जागेवर बसवत राहिला. आम्ही मदतीला गेलो तर त्यानं हातानंच 'राहू द्या' म्हटलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. फाटक जसं असेल तसं सोडायचं आणि भिंत फक्त पायऱ्यांवरून ओलांडायची, एवढं सगळ्यांनी माझ्यासाठी कराच.

दगडापर्यंत चालायचं का, ते सांगतो. सप्टेंबर 1665 मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून गावात प्लेग शिरला, असं मानतात. कापड हाताळणारा त्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स पहिला गेला. थंडीत साथ मंदावली आणि उन्हाळ्यात पुन्हा भडकली. तेव्हा, जून 1666 मध्ये, तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून गेलेला टॉमस स्टॅनली एकत्र आले. दोघांची मतं एकमेकांशी जुळणारी नव्हती. तरी दोघांनी मिळून गावाला तयार केलं की कोणी हद्द ओलांडायची नाही, रोग इथेच थांबवायचा. चौदा महिन्यांत 260 माणसं गेली, असं परंपरा सांगते. मॉम्पेसनची बायको कॅथरिन त्यातलीच. तिची कबर चर्चच्या आवारात आहे, जुन्या सॅक्सन क्रुसाजवळ.

चौकात उभं राहून हद्द म्हणजे काय ते समजत नाही. गाव संपतं, शेतं लागतात आणि मध्येच तो खडबडीत दगड येतो. वर सहा भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी आणलेलं धान्य उचलायचं. खाली मिडलटन. दहा-पंधरा मिनिटांत उतरून गेलं की सुटका, आणि तरी लोक इथून मागे फिरले. ते अंतर पायाखालून जायला हवं गं. तुझ्या आईंना मात्र मुळीच ओढत नेऊ नकोस. चर्चपासूनचा रस्ता बराचसा सपाट आहे. मॉम्पेसनची विहीर गावाच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडेलाच आहे, तिथे गाडी जाते. अशाच देवघेवीची तीही एक जागा.

मँचेस्टरहून

काकांचं पत्र वाचून राहवलं नाही. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची. प्लेग आला की आख्खं गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला जायचं, आणि घरात उंदीर मेलेला दिसला तर चूल तशीच टाकून निघायचं. सावित्रीबाई फुले 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. आपली माणसं गाव सोडून गेली आणि ईमची गावात राहिली, हे मनात सारखं घोळतंय.

एक विनंती आहे. वेळ मिळाला तर रायलीच्या कबरींकडेही जाऊ या. गावाच्या पूर्वेला, अर्धा मैलभर. ऑगस्ट 1666 मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं तिथे स्वतःच्या हातांनी पुरली. शेतात एक गोलसर दगडी कुंपण आहे, त्यात त्या कबरी. मी गेल्या वर्षी एकटी गेले होते. आत मेंढ्या चरत नव्हत्या, वाऱ्यानं गवत हलत होतं तेवढंच. पुन्हा जायचंय, पण या वेळी कोणाच्या तरी सोबतीनं.

डर्बीहून

वाटेत गाई असतात का? मुलगी सहा वर्षांची आहे, आणि आमचा कुत्रा.

काका, शेफील्ड

असू शकतात. वासरं बरोबर असतील तर लांबून वळसा घाला, मधून कधीच जाऊ नका. कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवा. पण गाई अंगावर आल्याच तर पट्टा सोडून द्या. कुत्रा पळून जातो, माणूस अडकतो. मुलीचा हात मात्र सोडू नका.

मँचेस्टरच्या ताई, रायलीला नक्की जाऊ. जेवण झाल्यावर, सगळे मिळून.

नॉटिंगहॅमहून

काका, पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाभळीच्या फांदीपाशी त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला लावलं. आमच्याही वाटेचा दावा होता, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. काल रात्री साडेअकरापर्यंत तेच सांगत होते.

आई चर्चमध्ये थांबेल, मी तिच्याबरोबर. बाबा तुमच्यासोबत दगडापर्यंत येतील. सगळ्यांसाठी धपाटे आणि दही आणतोय. बाबांचं एकच मागणं आहे: परतताना घाई करू नका, गडग्यात तो आडवा दगड कसा घालतात ते त्यांना बसून बघायचंय.